ओढा, फिरवा, दाबा : मावळच्या पावसात टिकतील अशी हाताळणीची मॉडेलं

संग्रहालयातल्या ज्या मॉडेलवर ‘बंद आहे’ अशी चिठ्ठी लागते, त्यातलं विज्ञान सहसा शाबूत असतं. गेलेलं असतं ते बटण, नाहीतर हँडल, नाहीतर ओढायचा दांडा. काचेआडचं भिंग झिजत नाही. हात लागतो तोच भाग झिजतो. तरीही खर्चाचा अंदाज काढताना प्रतिकृती, दिवे आणि फलक यांना रक्कम लावली जाते आणि हँडल मात्र ‘फॅब्रिकेटर बघून घेईल’ या खात्यात जातं.

मावळात असं हाताळायचं दालन उभं करायला विषयांची वाण नाही. भोर घाटातली रेल्वे, लोणावळ्याच्या तलावांच्या पाण्यावर खोपोलीत तयार होणारी वीज, कार्ल्या-भाज्याची लेणी, सगळं तासाभराच्या अंतरात आहे. जागा शाळेची असो, नगरपरिषदेच्या बागेतली असो की एखाद्या संस्थेच्या हॉलमधली, अडचण एकच येते. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्याच महिन्यांत शनिवार-रविवारी गर्दी उसळते. ओला रेनकोट अंगावर आणि मीठ-लिंबू चोळलेल्या कणसाचा नाहीतर चिक्कीचा चिकटा हाताला. मीठ, आम्ल आणि दमट हवा एकत्र आल्यावर लोखंडाला गंजायला आणखी काही लागत नाही.

यावर पहिला विचार सुचतो तो सगळंच जाडजूड आणि अभेद्य करायचा. तो महागात पडतो आणि फसतोही. काहीतरी मोडणारच आहे. ते काय असावं, कुठे असावं आणि किती वेळात बदलता यावं, हे आपण आधी ठरवलं तर मॉडेल वर्षानुवर्षं चालतं. आपण नाही ठरवलं, तर गर्दी ठरवते.

आधी हिशेब मांडा

कागद घ्या आणि दोन आकडे काढा. पहिला, वापर किती वेळा होणार. सहलींच्या हंगामात दिवसाला ४०० मुलं येतात आणि प्रत्येक जण बटण २० वेळा दाबतो असं धरा. म्हणजे दिवसाला ८,००० वेळा. दहा लाख वेळा चालण्याची हमी असलेला मायक्रोस्विच कागदावर भक्कम वाटतो, पण या हिशेबाने तो १२५ दिवसांत संपतो. एक कोटीचा घेतला तर १,२५० दिवस मिळतात. दोन्हींच्या किमतीतला फरक एका दुरुस्तीच्या फेरीपेक्षा कमी असतो.

दुसरा आकडा जोराचा. इथे दोन टोकं धरायची. चालवायला लागणारा जोर इतका कमी हवा, की तिसरीतल्या मुलीला किंवा हातात ताकद कमी असलेल्या आजोबांना मूठ वळूनही काम करता येईल. अपंगांच्या सोयीसाठी असलेल्या अमेरिकी नियमांत ही मर्यादा सुमारे २२ न्यूटन, म्हणजे सव्वादोन किलो वजनाच्या भाराइतकी आहे. सोसायचा जोर मात्र याच्या कितीतरी पट धरावा लागतो, कारण दांड्यावर मुलं लोंबकळतात आणि फोटोसाठी मोठी माणसं त्याला रेलून उभी राहतात. चालवायला दोन किलो, सोसायला शंभर किलो, हे वाक्य कामाच्या पहिल्या आराखड्यावरच लिहून ठेवा.

उंची ठरवतानाही मुलांचं माप घ्या. दांड्याची मूठ किंवा हँडलचा मध्य जमिनीपासून ७५ ते ८५ सेंटिमीटरवर ठेवला तर लहान मुलाच्या कोपराच्या आसपास येतो, मोठ्यांना फार वाकावं लागत नाही आणि चाकाच्या खुर्चीतूनही हात पोचतो. खाली गुडघ्यांना जागा मोकळी सोडा.

खटका : घाटातला सांधा

भोर घाटाचा रेल्वेमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. त्यावरचा उतार काही ठिकाणी ३७ फुटांना एक फूट इतका तीव्र आहे. उतरत्या गाडीचा ताबा सुटला तर ती वाळूच्या चढत्या फाट्यावर वळावी म्हणून घाटात ‘कॅच साइडिंग’ ठेवलेल्या आहेत. सांधा नेहमी त्या फाट्याकडेच लावलेला असतो. गाडी ठरल्या जागी थांबली, ताब्यात आहे याची खात्री पटली, की मगच तो मुख्य मार्गाकडे फिरवला जातो. मंकी हिल, ठाकूरवाडी ही नावं घाटातून ये-जा करणाऱ्यांना ओळखीची आहेत. मॉडेलसाठी याहून चांगला विषय नाही. खटका वेळेवर ओढला तर छोटा डबा मुख्य मार्गाने सुखरूप उतरतो, न ओढला तर वाळूत जाऊन थांबतो.

आता या खटक्याची ताकद बघू. दांडा ३० सेंटिमीटरचा आहे आणि शंभर किलोचा माणूस त्याच्या टोकावर पूर्ण भार टाकतो. शाफ्टवर जवळपास ३०० न्यूटन-मीटरचा पीळ येतो. ईएन ८ पोलादाचा २० मिमीचा शाफ्ट एवढ्यात कायमचा पिळला जाऊ शकतो. २५ मिमीचा घेतला तर ताण जवळपास निम्म्यावर येतो, कारण पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. पाच मिलिमीटरला लागणारे जादा पैसे इथे सत्कारणी लागतात.

शाफ्टपेक्षाही महत्त्वाची आहे ती अडथळ्याची जागा. दांडा जिथे थांबायचा, तो ठोकळा दांड्याच्या अगदी शेजारी, मुख्य फ्रेमवरच बसवा. पुष्कळदा तो आत, नाजूक यंत्रणेच्या टोकाला असतो. मग ओढणाऱ्याचा सगळा जोर शाफ्ट, जोड, साखळी असा सगळ्यांतून प्रवास करत शेवटच्या लहानशा स्क्रूवर येऊन थांबतो. ठोकळ्यावर पॉलियुरेथेनचा जाड तुकडा लावला की आपटण्याचा आवाजही मरतो.

दांडा शाफ्टवर नुसत्या ग्रब स्क्रूने कधीही पकडू नका. तो आठवड्यात ढिला होतो आणि शाफ्टला ओरखडे पाडतो. चावी बसवा किंवा आरपार पिन मारा. ठोकळ्याच्या पलीकडे, म्हणजे दांडा आणि यंत्रणा यांच्यामध्ये, मुद्दाम एक कमजोर दुवा ठेवा : स्प्रिंगचा जोड किंवा मऊ पितळेची बारीक पिन. डबा रुळावर अडकला आणि कुणी तरीही खटका ओढला, तर स्प्रिंग ताणली जाईल किंवा पिन तुटेल; सांधा वाचेल. अशा दहा पिना मॉडेलच्या आतच एका डबीत घालून ठेवा.

खटका सोडल्यावर तो फाडकन परत येता कामा नये. मोटारीच्या डिकीला असते तशी गॅस स्प्रिंग किंवा दरवाजाचा हायड्रॉलिक क्लोजर लावला की तो सावकाश येतो आणि मागे उभ्या मुलाच्या हनुवटीला लागत नाही. दांडा ज्या खाचेतून फिरतो तिथे बोटं अडकण्याचा धोका असतो. बागेतल्या खेळण्यांच्या युरोपीय मानकात बोट अडकणारी फट ८ ते २५ मिमी मानली आहे. म्हणून फट ८ मिमीहून लहान ठेवा, नाहीतर २५ मिमीहून मोठी. मधलं काही नको.

हँडल : खोपोलीची वीज

टाटांचं खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झालं. घाटमाथ्यावरच्या तलावांतलं पाणी नळांतून पाचशे मीटरहून जास्त खाली येतं आणि पेल्टन चक्राच्या वाट्यांवर आदळतं. हाताने जनित्र फिरवून दिवा लावायचं मॉडेल या गोष्टीशी थेट जोडता येतं. त्यात हाताला कळणारी एक गंमत आहे. दिवे बंद असताना हँडल हलकं फिरतं, एक दिवा लावला की जड होतं, दुसरा लावला की आणखी जड. वीज फुकट येत नाही हे फलकावर लिहिण्यापेक्षा दंडाला कळलेलं पक्कं बसतं. पडद्यावर बोट फिरवून हे शिकवता येत नाही, म्हणूनच हँडलवर खर्च करायचा.

दिवे तीन ते पाच वॉटचे एलईडी घ्या, म्हणजे लहान मुलालाही ते लावता येतील. जोरदार फिरवणाऱ्या तरुणांचाही विचार करा : व्होल्टेज मर्यादेत ठेवणारं सर्किट आणि जादा वीज रिचवणारा रोधक नसेल तर पहिल्या रविवारी दिवे जळतील. जनित्र म्हणून कायम चुंबकाची डीसी मोटर चालते. मोटारीच्या वायपरची मोटर स्वस्तात मिळते म्हणून मोह होतो, पण तिच्यातला वर्म गिअर सहसा उलट्या बाजूने फिरवता येत नाही.

हँडल आणि मोटर यांच्यामध्ये दात असलेले गिअर टाळा. पट्टा वापरा. कुणी एकदम हिसका दिला तर पट्टा घसरतो आणि बाकी सगळं वाचतं. पट्टा झिजला तर कोणत्याही गावात नवा मिळतो. इथे कमजोर दुवा पट्टाच आहे आणि तो मुद्दाम निवडलेला आहे.

त्याच्या जोडीला सायकलचं फ्रीव्हील लावा. मुलं हँडल उलटं फिरवणारच. फ्रीव्हील असलं की उलट फिरवणं निरुपद्रवी होतं. शिवाय जोरात फिरवून हात सोडला तर मोटर फिरत राहते आणि हँडल जागीच थांबतं. नाहीतर तेच हँडल वेगाने येऊन मनगटावर बसतं. उघड्या दांड्याऐवजी भरीव चकतीवर मूठ बसवली तर फिरणारी पट्टी कुणाच्या तोंडाला लागण्याचा प्रश्नही मिटतो. मुठीचं केंद्रापासून अंतर १२ ते १५ सेंटिमीटर पुरेसं आहे. मूठ स्वतःभोवती मोकळी फिरली पाहिजे, नाहीतर तळहात सोलवटतो आणि मूठ आटे सोडून निघते.

बेअरिंग दोन लावा आणि त्यांच्यात किमान हातभर नाही तरी दहा-बारा सेंटिमीटरचं अंतर ठेवा, कारण मुलं हँडल फिरवताना बाजूलाही रेटतात. दोन्ही बाजूंनी रबर सील असलेली ६२०४ किंवा २० मिमीचे प्लमर ब्लॉक ही मापं बाजारात कायम असतात. शाफ्टचं बेअरिंगमधलं टोक त्या मापाला लेथवर उतरवून घेता येतं. दुर्मीळ मापाचं, परदेशी, देखणं बेअरिंग घेऊ नका. ते गेलं की मॉडेल दोन महिने बंद राहील.

बटण आणि फिरकी : कार्ल्याचा उजेड

कार्ल्याचं चैत्यगृह सुमारे ३८ मीटर खोल आहे. समोरच्या मोठ्या चैत्यगवाक्षातून येणारा उजेड आत स्तूपापर्यंत पोचतो आणि छताला मूळच्या लाकडी कमानी अजून आहेत. दोन हजार वर्षांच्या आसपास त्या टिकल्या, कारण तिथे पाऊस पोचत नाही आणि हातही पोचत नाही. आपल्या मॉडेलच्या मुठीला या दोन्हींपैकी एकही सवलत नाही.

चैत्यगृहाची प्रतिकृती करून तिच्यासमोर दिव्याचा ‘सूर्य’ फिरवायचा असेल, तर सुचणारी रचना अशी : फिरकी डावीकडून उजवीकडे अर्धं वर्तुळ फिरते आणि थांबते. ही रचना मोडते, कारण थांबल्यानंतरही लोक फिरवत राहतात. त्यापेक्षा शेवटच नसलेली फिरकी करा. पूर्ण वर्तुळ फिरलं की एक दिवस-रात्र होते. सूर्य मावळतो, अंधार पडतो, पुन्हा उगवतो. थांबायची जागाच नसल्याने तिथे कुणी जोर करत नाही. जिथे जमेल तिथे मर्यादा काढून टाका. मर्यादा राखण्यासाठी भक्कम भाग लावण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

बटणं कारखान्यांच्या पॅनेलवर असतात ती घ्या. २२ मिमीच्या भोकात बसणारं, मोठ्या छत्रीसारख्या माथ्याचं बटण भोसरी, चाकण, तळेगावच्या औद्योगिक दुकानांत सहज मिळतं आणि त्याचा मागचा संपर्क-ठोकळा वेगळा बदलता येतो. बटणाचा माथा आधी फ्रेमवर टेकला पाहिजे, स्विचवर नव्हे. म्हणजे मुठीचा ठोसा फ्रेम सोसते. वीज २४ व्होल्ट डीसीच ठेवा. पाच व्होल्टच्या क्षीण प्रवाहावर दमट हवेत चांदीचे संपर्क काळे पडून रुसतात. २४ व्होल्टवर ही तक्रार कमी होते आणि ओल्या हाताला धोकाही राहत नाही.

याहून टिकाऊ हवं असेल तर संपर्कच काढून टाका. बटणाच्या किंवा खटक्याच्या आतल्या टोकाला लोखंडी तुकडा लावा आणि समोर सीलबंद प्रॉक्सिमिटी सेन्सर बसवा. यंत्रांवर रात्रंदिवस चालणारी ही वस्तू पुणे जिल्ह्यातल्या कोणत्याही मेंटेनन्सवाल्याला माहीत असते. हाताचा भाग आणि विजेचा भाग एकमेकांना स्पर्शही करत नाहीत, त्यामुळे झिजायला काही उरत नाही.

बटण मोडण्याचं सर्वांत मोठं कारण मात्र यांत्रिक नसतं. मॉडेलने लगेच उत्तर दिलं नाही की माणूस पुन्हा दाबतो, मग जोरात दाबतो, मग मुठीने मारतो. मोटर सुरू व्हायला दोन सेकंद लागत असतील तर लागू द्या, पण बटणातला दिवा दाबताक्षणी लागला पाहिजे आणि चक्र पूर्ण होईपर्यंत लागलेला राहिला पाहिजे. एवढ्या एका दिव्याने निम्मा अत्याचार थांबतो.

पावसाची तयारी

खोली बंदिस्त असली तरी लोणावळ्यात हवाच ओली असते. एमडीएफ पहिल्याच पावसाळ्यात फुगतो. मरीन प्लाय, म्हणजे आयएस ७१० शिक्क्याचं, वापरा आणि कापलेल्या कडा रंगाने बंद करा. बुशसाठी नायलॉन स्वस्त असतं, पण ते ओल शोषून फुगतं आणि शाफ्ट आवळतं. तिथे डेलरिन बरं. हाताखालच्या भागावर पावडर कोटिंग टिकत नाही, घासून निघतं आणि त्याखाली गंज धरतो. मुठीला स्टेनलेस ३०४, पितळ किंवा घट्ट शिसवीचं लाकूड घ्या. अर्धवट उघड्या जागेत ३१६ परवडत असेल तर उत्तम. स्टेनलेसच्या भागाला साधे लोखंडी बोल्ट लावू नका. ते आधी गंजतात.

विजेची पेटी हवाबंद केली की काम झालं असं वाटतं, पण दिवसा तापणारी आणि रात्री गार होणारी पेटी कुठून तरी हवा ओढतेच आणि आत दव साचतं. म्हणून पेटीच्या तळाला जाळी लावलेलं बारीक भोक ठेवा, तारा खालूनच ग्लँडमधून आत घ्या आणि प्रवेशाआधी तारेला खाली झोल द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी तिथेच गळून पडेल. रात्री मॉडेल बंद असताना पेटीत छोटा हीटर चालू ठेवा. जाळीमुळे मुंग्या आणि पाली बाहेर राहतात. उबदार पेटी त्यांनाही आवडते.

घाटात वीज जाते-येते. पुरवठा परत आल्यावर कोणतंही मॉडेल आपोआप हलायला लागू नये. नव्याने बटण दाबल्यावरच सुरू व्हावं. मुख्य पुरवठ्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग याबाबत तडजोड नको.

दुरुस्ती दहा मिनिटांत

मोडलेला भाग जागेवर उघडून, प्रेक्षकांसमोर सोल्डरिंग करत बसायची वेळ येता कामा नये. प्रत्येक खटका, हँडल, बटण हा चार बोल्टांवर निघणारा स्वतंत्र संच करा. तारेला प्लग-सॉकेट असू द्या. संच काढायचा, कपाटातला तयार संच लावायचा, मोडका सवडीने दुरुस्त करायचा. संपूर्ण दालनात बोल्ट दोनच मापांचे ठेवा, एम ६ आणि एम ८, म्हणजे दोन अ‍ॅलन की खिशात असल्या की काम भागतं. नट नायलॉकचे वापरा.

पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला वायरिंगचा नकाशा मराठीत, लॅमिनेट करून चिकटवा. मॉडेल बनवणारा माणूस पाच वर्षांनी फोन उचलेल याचा भरवसा धरू नका. शेजारच्या गॅरेजमधला फिटर किंवा आयटीआयचा मुलगा ते बघून दुरुस्त करू शकला पाहिजे.

एक वही ठेवा : तारीख, कोणतं मॉडेल, काय मोडलं, काय बदललं. आठवड्यातून एक दिवस दालन बंद ठेवून प्रत्येक दांडा हलवून बघा, बोल्ट तपासा, मुठी साबणाच्या पाण्याने पुसून कोरड्या करा. वहीत एकच भाग तिसऱ्यांदा दिसला तर चौथा नवा भाग मागवू नका, रचना बदला.

कच्चं मॉडेल, पक्की चाचणी

पक्कं बांधकाम करण्याआधी प्लायवूड आणि जुन्या सायकलच्या भागांतून कच्चं मॉडेल करा आणि ते एखाद्या शाळेत आठवडाभर ठेवा. काहीही समजावून सांगू नका. लांब उभं राहून बघा. मुलं खटका ढकलतात की ओढतात, किती जण उलटं फिरवतात, दोघं मिळून काय करतात, हे तिथेच कळतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘एक्सप्लोरेटोरियम’ची घडण अशीच झाली. १९६९ मध्ये फ्रँक ओपेनहायमर यांनी ते सुरू केलं, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत मॉडेलं बनत आणि सुधारत गेली, आणि १९७५ पासून त्यांच्या कृती इतरांनी वापराव्यात म्हणून पुस्तकरूपाने छापल्या.

बघायला तितकं लांब जायची गरज नाही. चिंचवडचं सायन्स पार्क, मुंबईत वरळीचं नेहरू सायन्स सेंटर, पुण्यात आयुकातली मुक्तांगण विज्ञान शोधिका या ठिकाणी एक दिवस काढा. मॉडेलातलं विज्ञान नंतर बघा. आधी हात कुठे लागतात ते बघा. कुठला रंग उडालाय, कुठली मूठ चकाकतेय, कुठला बोल्ट नंतर बदललेला आहे. तिथल्या दुरुस्ती करणाऱ्यांशी बोला. कोणता भाग वारंवार जातो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

शेवटी पैसा आणि तारीख. अंदाजपत्रकात प्रत्येक खटका, हँडल आणि बटण-संच दोनदा लिहा, एक लावायला आणि एक कपाटात ठेवायला. देणगीदाराला ही ओळ समजावून सांगा. उद्घाटनानंतर सुट्या भागांसाठी पैसे मिळणं फार अवघड जातं. मॉडेलं मे महिन्याच्या अखेरीस बसवून घ्या, जून ते सप्टेंबर आसपासच्या शाळांना गाजावाजा न करता वापरू द्या आणि उद्घाटन दिवाळीनंतर ठेवा. पावसाळ्यात जे मोडेल ते वहीत लिहा, रचना सुधारा, आणि मगच पाहुण्यांना फीत कापायला बोलवा.